शिक्का नीट उमटत नाही? हाताला दोष देण्याआधी शाई आणि कागदाची जोडी पाहा

तुमची अडचण थोडक्यात अशी: सहा महिन्यांपूर्वी पारदर्शक शिक्क्यांचे दोन संच, बारा रंगांचे छोटे इंक पॅड आणि कार्डस्टॉकचा, म्हणजे कार्डांच्या जाड कागदाचा, गठ्ठा आणला. ठसा कधी पुसट येतो, कधी ठिपक्याठिपक्यांचा. पाणी लावून रंग भरायला गेलं की काळी रेषा फिसकटते. सोनेरी एम्बॉसिंग (ओल्या ठशावर पावडर टाकून ती वितळवणं) केलं की पावडर नको तिथेही चिकटते. घडीवर कार्ड तडकतं. आता जरा भारीतला संच घ्यावा का, आणि पुढेमागे ही कार्डं आणि टॅग विकता येतील का, असंही तुम्ही विचारलं आहे.

संच इतक्यात घेऊ नका. पंधराएक वर्षं हाताने शुभेच्छा कार्डं करते आहे आणि सात-आठ वर्षं शिकवतेही आहे. वर्गात येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला वाटतं की आपला हात बसलेला नाही. हात दोन दुपारींत बसतो. बिघडतं ते जोडी जुळवताना: ही शाई या कागदावर आणि त्यावर नंतर हा रंग. एकेक वस्तू चांगली असूनही तिघांचं जमत नाही. तुमच्या पाचातल्या तीन तक्रारी इथल्याच आहेत.

आधी ठिपक्यांचं बघू, कारण ते सगळ्यात सोपं आहे. पारदर्शक शिक्के फोटोपॉलिमरचे असतात. नवीन असताना त्यांचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि किंचित तेलकट असतो, त्यामुळे शाई पसरून बसण्याऐवजी थेंबाथेंबांनी गोळा होते. कमळाच्या पानावर पाणी राहतं तशी. साध्या पांढऱ्या खोडरबराने शिक्क्याचा वरचा भाग हलक्या हाताने घासा, सौम्य साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा. मग त्याच शाईचे चारपाच ठसे रद्दी कागदावर मारा. पाचवा ठसा पहिल्यापेक्षा भरीव दिसेल. काही जण अगदी बारीक सँडपेपर फिरवतात. मी नाही फिरवत, नक्षी नाजूक असेल तर कडा बोथट होतात. लाल रबराच्या शिक्क्यांना एवढी मनधरणी लागत नाही. ते पहिल्या दिवसापासून शाई धरतात आणि जास्त टिकतात. पण त्यांच्या आरपार दिसत नसल्याने जागा अंदाजाने साधावी लागते.

हे रबर शिक्क्यांसाठी वापरता येतं ते मुळात व्हल्कनायझेशनमुळे. कच्चं रबर उन्हात चिकट होतं आणि थंडीत तडकतं. ते गंधकाबरोबर तापवलं की लवचीकही राहतं आणि आकारही सोडत नाही, हे चार्ल्स गुडइयर यांच्या लक्षात आलं आणि १८४४ साली त्यांना त्याचं अमेरिकी पेटंट मिळालं. फोटोपॉलिमर याच्या उलट स्वभावाचं. द्रव असताना ते अतिनील प्रकाशाने घट्ट केलेलं असतं, आणि पुढेही प्रकाश त्याला सोडत नाही. खिडकीत ठेवलेले शिक्के पिवळे पडतात, कडक होतात, शेवटी चिरतात. बंद डब्यात ठेवा. काळ्या किंवा लाल शाईचा डाग राहिला तर मात्र बिघडत नाही. तो फक्त डाग असतो, पुढच्या ठशात उतरत नाही.

शाई लावताना शिक्का पॅडवर आपटू नका. शिक्का उताणा धरा आणि पॅड त्यावर टेकवत न्या: टप, टप, टप. दाब नको. दाबलं की शाई खोलगट भागात आणि कडेला भरते, आणि ठशाभोवती भुताटकी रेषा येतात. मग कागदावर शिक्का सरळ खाली, दोन्ही हातांनी सारखा दाब, मनात तीन मोजायचे, सरळ वर. झुलवायचा नाही. सरकारी शिक्का मारताना मनगट हलतं, ती सवय इथे घात करते. कागदाच्या खाली पातळ फोमचा तुकडा किंवा जुना माउसपॅड ठेवला तर मोठा ठसा मधोमध पुसट राहत नाही.

झाकण असलेलं पोझिशनर मिळालं तर जरूर वापरा. शिक्का झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटतो, कागद चुंबकाने जागेवर राहतो. पहिला ठसा अर्धवट आला तर पुन्हा शाई लावून झाकण बरोबर त्याच जागी बंद करता येतं. या छंदात एकच साधन विकत घ्यायला सांगायचं असेल तर मी हे सांगेन. साच्याने कागद कापायचं यंत्र वगैरे सगळं त्याच्या मागून.

आता शाई. इथे थोडं सावकाश वाचा.

शाईचे चार स्वभाव ओळखायला शिका. डाय शाई पाण्यात विरघळलेल्या रंगाची असते. ती कागदात मुरते, मिनिटभरात वाळते, रंग स्वच्छ येतो, पण बहुतेक डाय शाया उजेडात फिक्या पडतात आणि पाणी लागलं की हलतात. पिगमेंट शाईत रंगाचे बारीक कण असतात. ते कागदाच्या वर बसतात, रंग गडद आणि टिकाऊ येतो, पण वाळायला वेळ लागतो. चकचकीत कोटेड कागदावर तर ती दुसऱ्या दिवशीही बोटाला लागते. तिसरी सॉल्व्हंट शाई, उदाहरणार्थ स्टेझऑन. काच, प्लास्टिक, धातू, अ‍ॅसिटेट यांसारख्या न शोषणाऱ्या पृष्ठभागांवर तीच चालते. चौथी रंगहीन वॉटरमार्क शाई, जसं व्हर्सामार्क. ही चिकट असते. नुसती मारली तर रंगीत कागदावर ओलसर सावलीसारखी दिसते, आणि तिचा खरा उपयोग एम्बॉसिंग पावडर धरून ठेवायला.

तुमच्या बारा रंगांच्या संचातला काळा बहुधा डाय शाईचा आहे. म्हणून ब्रशचं पाणी लागलं की रेषा राखाडी होऊन वाहते. तुमचा ब्रश, तुमचा हात, पाण्याचं प्रमाण, कशाचाही दोष नाही. ज्या काळ्यावर जलरंग भरायचे आहेत तो वाळल्यावर पाण्याला दाद न देणारा हवा. आर्काइव्हल म्हणून विकली जाणारी शाई किंवा व्हर्साफाइनसारखी तेलावर आधारलेली पिगमेंट शाई घ्या, ठसा मारून पूर्ण वाळू द्या, मग पाणी लावा. घाई असेल तर व्हर्साफाइनच्या ओल्या ठशावर पारदर्शक एम्बॉसिंग पावडर टाकून वितळवा. रेषेवर काचेसारखा थर येतो आणि रंग आपोआप रेषेच्या आत अडतो. नवशिक्यांच्या रंगकामाला एवढा आधार दुसऱ्या कशाने मिळत नाही.

पण अल्कोहोल मार्कर वापरायचे असतील तर हाच सल्ला उलटा होतो. मार्करमधलं अल्कोहोल सॉल्व्हंट आणि तेलकट शाई विरघळवतं, रेषा पसरते आणि वर मार्करचं टोकही काळं होतं. तिथे मेमेंटोसारखी पाण्यावर आधारलेली डाय शाई लागते. जी शाई जलरंगाखाली वाहते तीच मार्करखाली घट्ट बसते. रंगीत पेन्सिलीला यातलं काहीच चालतं, तिची काही अट नसते. म्हणजे दुकानात ‘चांगला काळा कोणता’ असं विचारून उपयोग नाही. ‘यावर मी कशाने रंगवणार आहे’ हे आधी ठरलेलं हवं. माझ्याकडे दोन काळे पॅड आहेत, झाकणावर एकाच्या ब्रशचं आणि दुसऱ्याच्या मार्करचं चित्र काढलेलं आहे. इतकी वर्षं झाली तरी ती चित्रं पाहिल्याशिवाय मी पॅड उघडत नाही.

तुमच्या यादीत डिस्ट्रेस शाईही दिसली. ती डायच, पण मुद्दाम पाण्याला प्रतिसाद देणारी आणि उशिरा वाळणारी. पार्श्वभूमीसाठी उत्तम, बारीक अक्षरांसाठी नाही. डिस्ट्रेस ऑक्साइड हे तिचं भावंड, डाय आणि पिगमेंटचं मिश्रण. पाण्याचा थेंब पडला की त्यावर खडूसारखी फिकट झाक येते. दोन्हींचे डबे सारख्याच आकाराचे असतात, उचलताना गल्लत होते, नाव वाचून घ्या.

कागदाकडे वळू. शाई फुटते, म्हणजे ठशाच्या कडेला केसाळ तंतू दिसतात, तेव्हा शाईला नावं ठेवण्याआधी कागदावर पाण्याचा एक थेंब टाका. थेंब लगेच आत शिरला तर त्या कागदाला पुरेसं सायझिंग, म्हणजे ओल लगेच शोषू न देणारा लेप, नाही, त्यावर कुठलीही पातळ शाई फुटणारच. थेंब काही वेळ फुगून बसला तर कागद कामाचा. कार्डाच्या मुख्य घडीसाठी २५० ते ३०० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं वजन इतके ग्रॅम) गुळगुळीत कार्डस्टॉक, वरच्या थरासाठी २०० च्या आसपासचा. जलरंगासाठी ३०० जीएसएमचा जलरंगाचाच कागद, पण हॉट प्रेस्ड, म्हणजे सपाट केलेला. कोल्ड प्रेस्ड कागदाच्या दाण्यावर बारीक नक्षी तुटक उमटते. शाळेच्या चित्रकलेच्या वहीतला जाड कागद पाहून फसू नका. ओला झाला की वर बारीक गोळे निघतात.

घडी तडकते त्याचं कारण तुम्ही कार्ड कापता त्या पद्धतीत आहे. कागदातले तंतू बहुतेक एका दिशेने असतात. त्यांना समांतर घडी घातली तर ती सुबक पडते, आडवी घातली तर तंतू मोडतात. ए४ ताव २१० बाय २९७ मिमीचा. त्यातून १०५ बाय १४८.५ मिमीचं कार्ड दोन तऱ्हांनी निघतं. ताव आडवा अर्धा करून २१० बाय १४८.५ चा तुकडा घ्या आणि १०५ वर घडी घाला, किंवा उभा चिरून १०५ बाय २९७ ची पट्टी घ्या आणि १४८.५ वर घडी घाला. माप तंतोतंत सारखं! पण तंतू तावाच्या लांबीच्या दिशेने असतील, आणि ए४ मध्ये बरेचदा असतात, तर पहिली घडी तंतूंना समांतर येते, दुसरी आडवी. तुम्ही बहुधा दुसऱ्या तऱ्हेने कापता. खात्री करायची तर ताव न मोडता दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा. सहज वाकतो तेव्हा वळणाची रेषा ज्या दिशेने पडते ती तंतूंची दिशा. हेच कार्ड सी६ पाकिटात, म्हणजे ११४ बाय १६२ मध्ये, ऐसपैस बसतं आणि फोम टेपने उचललेल्या थरालाही जागा उरते.

घडीआधी बोथट टोकाने खाच पाडा. रिकाम्या झालेल्या बॉलपेननेही काम भागतं. आणि एक गोष्ट सगळ्यांना उलटी वाटते: खाच पाडल्यावर मागच्या बाजूला जो उंचवटा येतो तो घडीच्या आत गेला पाहिजे, बाहेर नाही.

सोनेरी पावडरीचं दुखणं मी स्वतः भोगलेलं आहे. एका लग्नाची चाळीस निमंत्रणं होती. डिस्ट्रेस शाईने निळी-जांभळी पार्श्वभूमी घासली, हाताला कोरडी लागली, त्यावर व्हर्सामार्कने नावं मारली, सोनं शिंपडलं. सगळं आकाश सोनेरी झालं. शाई वरून कोरडी वाटत होती, आत दमट होती आणि पावडर दमटपणाच शोधते. चाळीसच्या चाळीस पुन्हा केली. तेव्हापासून पार्श्वभूमी हीट गनने, म्हणजे खूप गरम हवा सोडणाऱ्या साधनाने, वाळवते, कागद गार होऊ देते, मग त्यावर अँटिस्टॅटिक पावडरची पुरचुंडी फिरवते, आणि मगच शिक्का. पुरचुंडी घरी होते: पातळ सुती कापडात थोडं कॉर्नस्टार्च बांधायचं. बोटांचा घाम, स्थिर विद्युत, उरलेली ओल, तिन्हींचा बंदोबस्त होतो. शिंपडल्यावर कागदाच्या पाठीला टिचकी मारा, इकडेतिकडे राहिलेले कण कोरड्या बारीक ब्रशने झाडा, मग उष्णता द्या.

हीट गन कागदावर आणण्याआधी दहाएक सेकंद नुसती चालू ठेवा. कागद पत्र्यावर किंवा सिरॅमिक टाइलवर, चिमट्याने धरलेला. पावडर दाणेदार असते ती एकदम चकाकते. चकाकली की पुढे सरका, तिथेच रेंगाळलात तर ती कागदात मुरते आणि तेलाच्या डागासारखी दिसते. केस वाळवायच्या ड्रायरने हे होत नाही, त्याची उष्णता कमी आणि वारा जास्त, पावडर वितळण्याऐवजी उडते. बारीक अक्षरांसाठी पावडरही बारीक जातीची घ्या, जाड पावडरीत अक्षरांची पोटं बुजतात.

आता टॅग. तुम्ही ‘कार्डं जमली की टॅग करेन’ असं लिहिलंय. मी उलट सांगेन. टॅग लहान, एकपदरी, घडी नाही, आत मजकूर नाही. बिघडला तर बोटभर कागद गेला. नवीन शाई, नवीन रंगसंगती मी आजही कार्ड कापल्यावर उरलेल्या पट्ट्यांच्या टॅगवरच करून बघते. ६ बाय १२ सेंमीची पट्टी, वरचे दोन्ही कोपरे दीड-दीड सेंमीवर तिरके छाटलेले. एक साचा पुठ्ठ्याचा कापून ठेवा म्हणजे सगळे सारखे येतात.

टॅग फाटतो तो भोकाशी. सामानाच्या चिठ्ठ्या गळून पडायच्या त्या याच कारणाने, आणि १८६३ साली ई. डब्ल्यू. डेनिसन यांनी अमेरिकेत पेटंट घेतलं ते याच दुरुस्तीचं: भोकाभोवती कागदाची गोल चकती चिकटवण्याचं. तुम्हीही तेच करा. एक लहान गोल पुढून, एक मागून, मग मधोमध भोक. वरच्या कडेपासून भोक सेंटीमीटरभर तरी खाली असू द्या. चकती वेगळ्या रंगाची घेतली की ती सजावटही होते.

टॅगच्या पार्श्वभूमीसाठी गुळगुळीत, न शोषणाऱ्या शीटवर दोन डिस्ट्रेस पॅड थेट दाबा, पाण्याचा फवारा मारा, थेंब जमले की टॅग त्यात टेकवून उचला. वाळवा. पुन्हा टेकवा. वाळवा. रंग चिखल होतात ते ओल्यावर ओलं केल्यामुळे, नाहीतर समोरासमोरचे रंग एकत्र आल्यामुळे. लाल-हिरवा किंवा नारिंगी-निळा मिसळले की तपकिरी होणारच. पिवळा, नारिंगी, लाल असे शेजारचे रंग घ्या, फिक्याकडून गडदाकडे या, फसायला वावच राहत नाही. फोमच्या गोळ्याने ब्लेंडिंग करताना, म्हणजे शाई घासून मिसळताना, पहिला स्पर्श कागदाबाहेर, चटईवर करा आणि गोल फिरवत आत या, म्हणजे गडद ठिपका पडत नाही.

मराठी मजकुराचं एक वेगळं दुखणं आहे. सुट्ट्या अक्षरांचे शिक्के रोमन लिपीला जमतात, कारण तिथे अक्षरं एकेकटी उभी राहतात. देवनागरीत शिरोरेषा जुळवायची, काना-मात्रा डोक्यावर आणि पायाशी बसवायच्या, आणि जोडाक्षर आलं की खेळ संपतो. म्हणून पूर्ण शब्दाचा शिक्का हवा. तो करवून घ्या किंवा मऊ कोरणी-ब्लॉकवर स्वतः कोरा. मऊ पेन्सिलीने पातळ कागदावर शब्द सरळच लिहा, कागद ब्लॉकवर पालथा ठेवून नखाने घासा. शब्द उलटा उमटतो आणि तसाच हवा असतो. व्ही आकाराच्या हत्याराने कोरताना हत्यार अक्षरापासून बाहेर कलतं ठेवा, म्हणजे रेषेचा पाया रुंद राहतो. आत कललं तर रेषा खालून पोखरली जाते आणि दहाव्या ठशाला तुटते. साध्या खोडरबरावर सराव केलात तर ते पारदर्शक कडक प्लास्टिकच्या डबीत टाकून ठेवू नका. खोडरबरातलं प्लास्टिसायझर (त्याला मऊ ठेवणारं द्रव्य) डबीत उतरतं आणि दोन्ही एकमेकांना चिकटून बसतात. कागदात गुंडाळा.

खरेदीचंच विचाराल तर जलरंगासाठी एक पाण्याने न फिसकटणारा काळा पॅड, एक वॉटरमार्क पॅड, पांढरी आणि सोनेरी पावडर, आणि एकाच जातीच्या चांगल्या कागदाचे पंचवीस ताव. आहेत त्या बारा रंगांचे ठसे त्या कागदावर मारून, प्रत्येकाच्या निम्म्या भागावर पाणी फिरवून, एक तक्ता करून भिंतीला लावा. कोणता रंग वाळल्यावर फिका होतो, कोणता पाण्याने पसरतो, हे तिथे दिसेल, डब्याच्या झाकणावरचा रंग बहुतेक वेळा खोटा असतो. पॅड कोरडे पडत आले की नवे घेऊ नका, री-इंकरचे, म्हणजे पॅडमध्ये भरायच्या त्याच शाईच्या बाटलीतले, थेंब टाका.

विकण्याबद्दल. शिक्क्यावरचं चित्र कुणाचं तरी असतं. शिक्का विकत घेतला म्हणजे चित्राचे हक्क घेतले असं होत नाही. बऱ्याच शिक्का कंपन्या स्वतःची ‘एंजल पॉलिसी’ जाहीर करतात: हाताने मारलेल्या ठशांची कार्डं मर्यादित प्रमाणात विकायला परवानगी, पण ठसा स्कॅन करून छापायला मनाई, असा साधारण मजकूर असतो. प्रत्येकीचे नियम वेगळे, काही विक्रीच नाकारतात. तुमच्या दोन्ही संचांच्या कंपन्यांची पॉलिसी आधी वाचा. स्वतः कोरलेल्या, स्वतःच्या चित्राच्या शिक्क्याला हा प्रश्न येत नाही. आणि विकायच्या कार्डासाठी फिकी न पडणारी पिगमेंट शाई आणि आम्लमुक्त कागदच वापरा. घेणारा ते कार्ड खिडकीशेजारी ठेवणार आहे, हे धरूनच चला.